चालेल

बारावीनंतर मी शेतकी कॉलेजात नाव घातलं तेव्हा आमच्या अख्ख्या खानदानात कुणाच्या नावावर बिघाभरही जमीन नव्हती. आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून इंदूरला आले होते, वडील एका सरकारी ऑफिसात आकडे लिहिता लिहिता निवृत्तीला टेकले होते, आणि घरची एकूण शेती म्हणजे गच्चीवरची तुळस नि गवती चहाचं एक डबडं. नातेवाइकांनी ‘मेडिकलचं राहिलं वाटतं’ असं हळहळून विचारलं. राहिलंच होतं. पण म्हणून दर लग्नात, दर मुंजीत ते विचारायची गरज नव्हती. मी तिरसट आहे असं आमच्याकडे तेव्हापासून बोललं जातं, आणि ते खोटं नाही.

आईने वेगळंच विचारलं. “मतलब, तिथे गव्हाचं शिकवतात का?”

“शिकवतात.”

“मग ठीक आहे. आजकल धड गहू कुठे मिळून राहिला बाजारात.”

तिच्या दृष्टीने चर्चा संपली. मी कॉलेजात जाऊन चांगला गहू घेऊन येणार, एवढाच तिने त्याचा अर्थ घेतला.

आई आणि गहू यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी ती वडिलांना घेऊन राजवाड्याच्या बाजूला धान्याच्या दुकानांत जायची आणि वर्षाचा गहू भरायची. दुकानदाराने पुढे केलेल्या गव्हातले चार दाणे तोंडात टाकायची आणि चघळत चघळत पुढच्या दुकानाकडे चालू लागायची. दुकानदार मागून ‘भाभीजी, भाभीजी’ करत राहायचा. शरबती, लोकवन ही नावं तिला ठाऊक होती, पण नावावर तिचा भरवसा नव्हता. गव्हाचं दळण होऊन त्याची पोळी पानात पडेपर्यंत ती त्याच्याबद्दल बरंवाईट काही बोलत नसे.

पोळीला द्यायचे तिचे शेरे तीनच होते. पहिला घास खाऊन ती नुसतं ‘हं’ म्हणाली, की तो गहू अव्वल. ‘बरी आहे’ म्हणाली, की पास. आणि ‘चालेल’ म्हणाली, की तो गहू पुन्हा आमच्या घरात येत नसे. अन्नाला वाईट म्हणायचं नाही असं तिच्या आईने तिला शिकवलं होतं, म्हणून ‘चालेल’. ‘छान’ हा शब्द ती फक्त दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेल्यावर वापरायची. तिथे ती सगळ्यालाच छान म्हणायची, अगदी कच्च्या राहिलेल्या पोळीलाही, आणि परतताना रिक्षात वडिलांना खरं काय ते सांगायची.

कॉलेजात पहिलं वर्षभर मी रडकुंडीला आले होते. बरोबरची बहुतेक मुलं माळव्यातल्या, निमाडातल्या गावांतून आलेली. त्यांना बोवनी, निंदाई हे पेरणी-खुरपणीचे शब्द शिकावे लागत नव्हते. मी मात्र हरभऱ्याच्या रोपाला मेथी म्हणून मोकळी झाले आणि त्या नावानेच दोन सेमिस्टर ओळखली गेले. पण दुसऱ्या वर्षी आम्हाला गव्हाचं फूल दाखवलं. ओंबीत इतकं बारीक फूल असतं हे मला माहीतच नव्हतं. चिमटा घेऊन, श्वास रोखून त्यातले परागकोश एकेक करून काढायचे, ओंबीवर कागदी पिशवी चढवायची, आणि काही दिवसांनी दुसऱ्या गव्हाचे पराग आणून त्यावर झटकायचे. माझा हात त्यात बसला. घरी येऊन मी हे आईला सविस्तर सांगितलं.

“म्हणजे तू गव्हाची लग्नं लावून राहिली तिथे,” ती म्हणाली.

पिकाच्या नव्या जातीला मराठीत वाण म्हणतात. हा शब्द तिला फारच आवडला. संक्रांतीच्या हळदीकुंकवात तिने गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं, की आमची मुलगी नवं वाण काढून राहिली आहे. पुढच्या संक्रांतीला त्या बायका माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतच आत आल्या. एकीने तर हळूच विचारलं, “स्टीलचं आहे का गं?” त्या बिचाऱ्या लुटायच्या वाणाची वाट बघत होत्या. आई इतकी हसली की तिच्या हातातली अत्तरदाणी सांडली. नंतर दर संक्रांतीला त्या चेष्टेने विचारायच्या, मुलीचं वाण कुठे आहे, आणि आई म्हणायची, “अजून व्हायचंय. गहू आहे तो, वेळ लागतो.”

शेवटच्या वर्षाला अ‍ॅग्रिबिझनेसचा पेपर होता. माल पिकवण्यापेक्षा तो कुणी का विकत घ्यावा याचं शास्त्र. मला त्यात फारसा रस नव्हता, पण शिकवणाऱ्या मॅडमांचं एक वाक्य डोक्यात बसलं. नव्या मालाची चव लोकांना देऊन बघायची कशी, हे शिकवताना त्या म्हणाल्या होत्या, “ग्राहक मुँह से झूठ बोलता है, हाथ से नहीं। पूछो मत कि कैसा लगा। देखो कि दोबारा हाथ बढ़ाया या नहीं।” परीक्षेत मी ते लिहिलं आणि विसरले. वर्गातले बरेच जण खताच्या, बियाण्यांच्या कंपन्यांत माल खपवायला गेले, काहींनी पलासियात बँकेच्या परीक्षांचे क्लास लावले. मी गव्हापाशी राहिले. एम.एस्सी. केलं आणि मग तिथेच पीएच.डी.ला लागले.

माझे गाईड माळव्यातल्याच एका गावचे, हिंदीत बोलणारे, कमी बोलणारे. लॅबमध्ये नव्या वाणांच्या चपात्या करून आम्ही त्यांना गुण देत असू, पण चाखणारी माणसं म्हणजे आम्हीच. उपाशीपोटी सगळंच गोड लागायचं. तेव्हा सरांच्या परवानगीने मी थोडं थोडं पीठ घरी आणायला लागले. आईला ते काम म्हणजे मानाचं आमंत्रण वाटायचं. कणीक तिंबून, झाकून ठेवून, शास्त्रशुद्ध घडीची पोळी करून ती एक घास खायची आणि शेरा द्यायची.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. एका वाणाला ती ‘चालेल’ म्हणाली, मी तसंच सरांना सांगितलं आणि घाईत दुसऱ्या कामाला गेले. इतकी वर्षं इंदुरात काढल्यामुळे आपल्याला मराठी येते असं सरांना वाटायचं. चालेल म्हणजे चलेगा. त्यांनी ते वाण पुढच्या वर्षाच्या चाचणीत लावलं, चांगलं मोठं. त्याच्या चपात्या झाल्या तेव्हा चपलेचे तळवे निघाले असते त्यातून.

“आपकी माताजी ने तो पास किया था,” सर दुखावल्यासारखे म्हणाले.

घरी येऊन मी आईला विचारलं. ती भडकलीच. “पास कुठे? मी ‘चालेल’ बोल्ले होते. चालेल म्हणजे काय चांगलं झालं का कधी?”

मी सरांना समजावून सांगितलं. ते पहिल्यांदाच मोठ्याने हसले. त्यानंतर आमच्या डिपार्टमेंटमध्ये नापास वाणाला चालेल हाच शब्द पडला. बिहारहून आलेली ज्युनियर मुलंसुद्धा म्हणायची, “मैडम, ये वाला भी चालेल निकला।”

आईचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. एकदा मी तिला एकच पीठ दोन पुड्यांत घालून दिलं, एक माळव्याचं म्हणून आणि एक पंजाबचं म्हणून. माळव्याच्या पुडीला तिने ‘हं’ दिलं आणि पंजाबच्या पुडीला ‘चालेल’. मी तिला खरं सांगितलं तर म्हणाली, “मग तू पुड्या बदलल्या असशील.” त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

तिचा आजार दिवाळीनंतर कळला. पोटातला, आणि बराच पसरलेला. पलासियातल्या क्लिनिकच्या फेऱ्या सुरू झाल्या, किमो सुरू झाली. वडील, ज्यांनी जन्मात देवापुढे हात जोडले नव्हते, ते दर बुधवारी खजराण्याच्या गणपतीला जायला लागले आणि प्रसादाचा लाडू माझ्यापासून लपवून तिला द्यायला लागले. मला त्यांचा राग यायचा. मला तेव्हा सगळ्यांचाच राग यायचा. शेतात माझ्या रांगा हिरव्यागार उभ्या होत्या, आणि त्यांचाही राग यायचा.

स्वयंपाक माझ्याकडे आला. माझ्या पोळ्यांना आईने कधी ‘बरी आहे’च्या वर जाऊ दिलं नव्हतं. जानेवारीतली गोष्ट असेल. मी तिला पोळी-भाजी वाढली, तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “छान झालीये.”

मी तिच्याकडे बघितलं. तिने दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. आमटीला छान, खिचडीला छान, मीठ घालायचं विसरलेल्या दुधी भोपळ्यालाही छान. तेव्हा मला कळलं, की तिच्या तोंडाला चव राहिलेली नाही. औषधांनी तसं होतं हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पण ते असं कळेल असं वाटलं नव्हतं. आयुष्यभर मी तिच्याकडून एक ‘हं’ ऐकायला धडपडले असेन, आणि आता ती दोन्ही वेळेला ‘छान’ म्हणत होती. स्वतःच्याच घरात ती पाहुणी होऊन जेवायला बसत होती. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे.

मार्च उलटताना डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अब घर पर ही आराम से रखिए. त्याच आठवड्यात माझा गहू कापणीला आला.

त्यात एक वाण होतं. सरांनी फार आधी केलेल्या संकरातून मी वर्षानुवर्षं निवडत आणलेलं, मनातल्या मनात मी ज्याला माझं म्हणायचे ते. ताठ उभं राहायचं, तांबेरा लागायचा नाही, दाणा टपोरा आणि मधाच्या रंगाचा. त्याचं बी जेमतेम काही वाट्या निघालं होतं. एवढं बी पुढच्या पेरणीला लागतं. ते खायचं नसतं. पोळीची परीक्षा पुढच्या वर्षी, पुरेसं पीक आल्यावर. हा नियम मी स्वतः ज्युनियर मुलांना दरडावून सांगत आले होते.

मला आईचा शेरा हवा होता. चव गेली होती हे मला माहीत होतं, तरी हवा होता. इतकी वर्षं दुसऱ्यांचे गहू तिने पारखले आणि माझा गहू आला तेव्हा ती नसणार, हे मला सहन होत नव्हतं. मी सरांकडे गेले.

“सर, उसमें से थोड़ा सा चाहिए।”

“किसलिए? अगले साल क्वालिटी में जाएगा ही।”

“माँ के लिए,” मी म्हणाले. मी पुडीचा कागद पुढे केला.

सरांनी पाकीट उघडलं आणि माझ्या पुडीत बी ओतलं. मी मागितलं होतं त्यापेक्षा जास्तच. “पीसने में थोड़ा उड़ भी जाता है,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

डिपार्टमेंटच्या छोट्या चक्कीवर मी ते स्वतः दळलं. दुपारी घरी आले. आईला आता पलंगावरून उठवत नसे कुणी, पण मी कशासाठी आले आहे हे कळल्यावर ती हट्टाने स्वयंपाकघरात आली. वडिलांनी तिला धरून खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली.

“हेच का ते तुझं वाण?”

“हो.”

“दाखव.”

तिने पीठ चिमटीत घेऊन चोळलं. मी कणीक तिंबली, झाकून ठेवली, तिच्या डोळ्यांदेखत सगळं तिच्यासारखं केलं. पण लाटायला घेतलं तेव्हा पोळी पसरेना. लाटली की परत आकसायची. पुन्हा लाटली, पुन्हा आकसली. माझा हात वाईट आहे, मी घाबरले आहे, असं मी स्वतःला सांगितलं. आई माझ्या हाताकडे बघत होती.

पोळी तव्यावर थोडी फुगली. मी तूप लावून ताटलीत तिच्यापुढे ठेवली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. तिने एका हाताने तुकडा तोडायला घेतला, तो तुटला नाही. मग दुसरा हात लावला. घास तोंडात घालून ती खूप वेळ चावत राहिली. तिचे गाल इतके आत गेले होते की चावणं बाहेरून दिसायचं.

“छान झालीये गं,” ती म्हणाली.

वडिलांनी उरलेल्यातला एक तुकडा घेतला. आयुष्यात ते कधी पानात काय आहे हे बघून जेवल्याचं मला आठवत नाही. “जरा वातड आहे, नाही?” ते म्हणाले.

“तुम्हाला काय कळतंय?” आई म्हणाली. आणि कित्येक दिवस एका घासानंतर ताट सारणाऱ्या माझ्या आईने हात पुढे केला आणि दोन्ही हातांनी ओढून आणखी एक तुकडा तोडला.

मी तवा उतरवायला पाठ वळवली. तिची चव गेली होती. बोटं गेली नव्हती, डोळे गेले नव्हते, दातही होते. आकसणारी पोळी तिने बघितली होती, ती तोडायला लागलेला जोर तिच्या मनगटांना कळला होता. पिठाला हात लावला तेव्हाच बहुधा तिला समजलं असेल. इतके दिवस ती छान म्हणत होती कारण तिला कळत नव्हतं. त्या दुपारी तिला सगळं कळलं होतं आणि तरी ती छान म्हणाली. मॅडमांनी शिकवलं होतं की हात खोटं बोलत नाही. माझ्या आईचा बोलला.

आई, खरं सांग ना, असं मला ओरडून म्हणायचं होतं. मला ‘चालेल’ हवं होतं. एकदाच, शेवटचं, रिक्षात वडिलांना सांगायची तसं खरं. मी तवा उतरवून ओट्यावर ठेवला.

“झालं मग तुझं वाण,” ती म्हणाली. “संक्रांतीला सांगते सगळ्यांना.”

ती जूनच्या आधीच गेली. हळदीकुंकवाच्या त्या सगळ्या बायका आल्या आणि बसून राहिल्या. वाणाबद्दल कुणी विचारलं नाही.

नोव्हेंबरात पेरणीच्या तयारीला आम्ही पाकिटं काढून बसलो. सर एकेक पाकीट उचलायचे. पेरायचं ते ट्रेमध्ये, नाही ते बाजूच्या खोक्यात. माझं पाकीट हातात आलं तेव्हा ते थांबले.

“ये माताजी को खिलाया था ना? क्या कहा था उन्होंने?”

पाकीट चांगलं जाड होतं. रांगेत उभा असलेला तो गहू मला दिसत होता, ताठ, मधाच्या रंगाचा.

“चालेल,” मी म्हणाले.

सरांना आता या शब्दाचा अर्थ पक्का माहीत होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “सच में?”

“जी, सर।”

त्यांनी पाकीट खोक्यात ठेवलं, टाकलं नाही, ठेवलं, आणि पुढचं उचललं. मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेले आणि नळापाशी उभी राहिले. आई गेल्यावर इतके महिने मी तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते असं वाटत होतं, आणि आत्ता कुठे आमचं बोलणं झालं होतं.

संध्याकाळी घरी आले तर स्वयंपाकघरभर पीठ सांडलं होतं. पोळ्या करणारी बाई आली नव्हती, म्हणून वडिलांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः कणीक मळली होती. माझ्यासाठी पान वाढून ते समोरच्या खुर्चीत, आईच्या खुर्चीत, बसून राहिले. पोळी एका बाजूने जळली होती आणि मधोमध कच्ची होती. मी तुकडा तोडला, चावला.

“कशी झालीये?” त्यांनी विचारलं.

“छान,” मी म्हणाले, आणि दुसरा तुकडा तोडला.